बिडाचा जॉब वाळूत कसा ओततात: एका बेअरिंग हाउसिंगची पॅटर्नपासून फेटलिंगपर्यंतची वाट

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या बाजूला गेलात, तर फाउंड्रीचं शेड शोधावं लागत नाही. पंपांच्या केसिंगपासून ट्रॅक्टर-ट्रकच्या भागांपर्यंत बिडाचा माल इथून बाहेर जातो. पलीकडे सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरू केलेलं लोखंडी नांगराचं काम १९१० साली तिथं हललं. म्हणजे या पट्ट्याला ओतकाम शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे.

नवीन माणूस शेडमध्ये आला की त्याची नजर भट्टीवर खिळते. साहजिक आहे, ठिणग्या तिथंच उडतात. पण संध्याकाळी रिजेक्शनच्या ढिगापाशी उभं राहून एकेक नग उलटा करून बघा. धातूच बिघडला होता असे नग त्यात थोडे निघतील. बाकीच्यांत कुठं हवा अडकलेली, कुठं वाळू निघून आलेली, कुठं पेटी सरकलेली. चौदाशे अंशांचा रस ओल्या वाळूत ओतल्यावर पोकळीतली हवा, वाळूतली वाफ आणि कोअरचा (पोकळीसाठी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याचा) गॅस ही तिन्ही दहा सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत. त्यामुळे प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायची सवय लावा: हे सगळं निघणार कुठून?

उदाहरण म्हणून एक जॉब धरू. पंपाचं बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसवायचं घर: ११० मि.मी. बाहेरचा व्यास आणि २०० मि.मी. लांबी असलेलं आडवं नळकांडं, त्याला २४० × १८० मि.मी.चा, १८ मि.मी. जाड पाया आणि दोन-चार रिब्ज. मशिनिंगनंतर बोअर, म्हणजे आतलं भोक, ९० मि.मी. हवा. ओतीव वजन सुमारे १४ किलो. धातू साधं करडं बीड, आयएस २१० प्रमाणे एफजी २००. त्यातला २०० हा आकडा म्हणजे चाचणी सळईची किमान ताणशक्ती, मेगापास्कलमध्ये. हाताने मोल्डिंग करणाऱ्या छोट्या फाउंड्रीत हा जॉब कसा उभा राहतो ते क्रमाने पाहू.

ड्रॉइंग घेऊन बसा, पॅटर्नच्या आधी

पहिला निर्णय पार्टिंगचा, म्हणजे साचा कुठल्या पातळीवर दोन भागांत उघडणार याचा. नळकांड्याच्या अक्षातून आणि पायाच्या मधोमध जाणारी पातळी घेतली, तर पॅटर्नचे (वाळूत ठसा उमटवणाऱ्या नमुन्याचे) दोन सारखे अर्ध होतात आणि दोन्ही वाळूतून सरळ निघतात. पाया पेटीत उभा राहतो, ९० मि.मी. खाली आणि ९० मि.मी. वर. याचा दुसरा फायदा असा की पायाचा मशिनिंगचा तळ साच्यात उभा येतो. स्लॅग (रसातला कचरा) आणि गॅस वर तरंगतात, त्यामुळे महत्त्वाचा पृष्ठभाग शक्यतो खाली किंवा उभा ठेवावा, वर कधी ठेवू नये.

आता मापं. करडं बीड गोठून थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, मीटरला १० मि.मी. त्यामुळे २०० मि.मी.ची लांबी पॅटर्नवर २०२ आणि २४० चा पाया २४२.४ होतो. पॅटर्नमेकर यासाठी श्रिंकेज पट्टी वापरतो. तिच्यावरचा मिलिमीटर मुळातच तेवढा मोठा असतो, त्यामुळे दरवेळी गणित करावं लागत नाही. लाकडी मास्टरवरून अॅल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा असेल तर आकसणं दोनदा धरायचं: बिडाचं एक टक्का आणि अॅल्युमिनियमचं साधारण सव्वा टक्का. घाईच्या ऑर्डरीत नेमकं हेच राहून जातं.

मशिनिंगसाठी या आकाराला बाजूंवर ३ मि.मी. पुरतात, साच्यात वर येणाऱ्या पृष्ठभागावर ४ ठेवा. बोअरला प्रत्येक बाजूने ३ सोडले तर ओतीव भोक ८४ मि.मी.चं, म्हणजे कोअर बॉक्स ८४.८ चा. कोअरही आकसण्याच्या हिशोबात येतो हे विसरू नका. उभ्या भिंतींना दीड अंशाचा ड्राफ्ट (पॅटर्न सुटावा म्हणून उतार) द्या. १३ मि.मी.ची भिंत १८ मि.मी.च्या पायाला मिळते त्या कोपऱ्यात ५ मि.मी.चं फिलेट (गोलाई) भरा. कोपरा तीक्ष्ण राहिला की तिथली वाळू रसाबरोबर सुटून येते आणि गोठताना तडाही तिथूनच सुरू होतो. नळकांड्याच्या दोन्ही टोकांना ४०-४० मि.मी.चे कोअर प्रिंट, म्हणजे कोअरची टोकं टेकवायच्या जागा, ठेवा.

पाच-पन्नास नगांसाठी सागवानी पॅटर्न चालतो. नगांची संख्या शेकड्यांत असेल तर अॅल्युमिनियमची मॅच प्लेट (दोन्ही अर्ध एकाच पाटावर बसवलेला पॅटर्न) करून घ्या, तिथं पैसे वाचवू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, डोवेल (दोन अर्ध जुळवणाऱ्या खुंट्या) सैल होतात आणि मग दोन अर्ध अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे जाऊ लागतात.

वाळू

ग्रीन सँड म्हणजे हिरवी वाळू नव्हे, ओली वाळू. सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी एवढाच तिचा मसाला. सिलिका सिंधुदुर्गातल्या कासार्डे-कणकवली भागातून येते, बेंटोनाइट कच्छमधून. आपल्या जॉबसाठी दाण्याची बारकाई एएफएस क्रमांक ५० ते ६० ठीक (आकडा मोठा तितकी वाळू बारीक). जास्त बारीक वाळूने पृष्ठभाग गुळगुळीत येतो, पण वाफेची वाट बंद होते. पहिल्याच ऑर्डरीला चकचकीत फिनिश दाखवायच्या नादात बारीक वाळू मागवणारे पुढं ब्लो होल (गॅसची भोकं) मोजत बसतात.

नव्या वाळूचं मिश्रण साधारण असं: १०० किलो कोरडी वाळू, ८ किलो बेंटोनाइट, ४ किलो कोळशाची पूड, साडेतीन लिटर पाणी. मलरमध्ये (वाळू मळायच्या यंत्रात) आधी वाळू आणि निम्मं पाणी, मग बेंटोनाइट, मग पूड, शेवटी उरलेलं पाणी. चार-पाच मिनिटं मळू द्या. बेंटोनाइटला दाण्यावर नीट पसरायला वेळ लागतो. दोन मिनिटांत काढलेली वाळू ओली असते, पण चिकट नसते. मग मोल्डर पाणी वाढवायला सांगतो आणि तिथून गाडी घसरते.

रोजच्या कामात मात्र नवी वाळू थोडीच लागते. नॉकआउटची, म्हणजे ओतल्यावर साचा फोडून निघालेली, वाळू चाळून, चुंबकाने लोखंडाचे कण काढून परत येते. तिच्यात अर्धा ते एक टक्का बेंटोनाइट, थोडी कोळसा पूड आणि गरजेपुरतं पाणी घालायचं. वाळू गरम असेल, हाताला चटका बसत असेल, तर तिला मलरमध्ये घालू नका. पन्नास अंशांवरच्या वाळूतून पाणी उडत राहतं, ती पॅटर्नला चिकटते आणि पेटीत गेल्यावर वरून कोरडी, आतून ओली अशी होते.

कोळशाची पूड कशाला, असं बरेच जण विचारतात. रस आला की ती जळते, पोकळीत ऑक्सिजन उरत नाही आणि कार्बनचा पातळ थर वाळू आणि बिडाच्या मध्ये येतो. वाळू जॉबला भाजून चिकटत नाही. पण तीही गॅस सोडते, म्हणून जास्त घातली तर उपायच दुखणं होतो.

प्रयोगशाळा असेल तर ओलावा ३ ते ४ टक्के आणि कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती टक्के बसते) ४० च्या आसपास ठेवा. नसेल तर मूठ आहे. वाळू मुठीत घेऊन लाडू वळल्यासारखी दाबा आणि मूठ उघडा. बोटांच्या रेघा स्पष्ट उमटल्या पाहिजेत, तळहाताला काही चिकटता कामा नये. आता तो गोळा दोन्ही हातांनी मधोमध मोडा. कडा धारदार राहून तो सरळ तुटला तर वाळू तयार. मोडताना चुरा झाला तर कोरडी आहे किंवा बेंटोनाइट कमी आहे. वाकून, लोंबून तुटला तर पाणी जास्त झालं. जुना मोल्डर हे सारखं करत असतो, बोलता बोलता. जून ते सप्टेंबर या काळात तुम्हीही तेच करा. शेडबाहेर ठेवलेल्या वाळूच्या ढिगाचा ओलावा तेव्हा सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा.

कोअर

बोअरची पोकळी कोअर तयार करतो. छोट्या फाउंड्रीत अजूनही सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडची पद्धत सोयीची पडते. कोरड्या सिलिका वाळूत ४ टक्के सिलिकेट मिसळायचं, कोअर बॉक्समध्ये ठोकून भरायचं, मधून ८ मि.मी.ची सळई आरपार घालून काढायची आणि मग गॅस द्यायचा. वीसेक सेकंद पुरतात. जास्त वेळ गॅस दिला तर कोअर आणखी कडक होईल असं वाटतं, प्रत्यक्षात तो भुसभुशीत होतो आणि कडा झडतात.

या पद्धतीचा त्रास असा की ओतल्यानंतर कोअर आत दगडासारखा बसतो. म्हणून मिश्रणात एक-दोन टक्के साखर कारखान्याची मळी घालतात. रसाच्या उष्णतेने ती जळून जाते आणि कोअर फुटायला सोपा होतो. ग्रॅफाइटचं स्पिरिटमधलं कोटिंग मारून पेटवून द्या, वाळू चिकटायचं प्रमाण बरंच कमी होतं. सिलिकेटचे कोअर हवेतला ओलावा ओढतात, त्यामुळे पावसाळ्यात आज केलेला कोअर आजच वापरा. चार दिवस रॅकवर पडलेला कोअर नखाने खरवडून बघा. वाळू सुटत असेल तर फेकून द्या.

सळईने केलेलं ते ८ मि.मी.चं भोक म्हणजे कोअरच्या गॅसची एकुलती एक वाट. चारही बाजूंनी रस असताना गॅस फक्त दोन टोकांच्या प्रिंटमधूनच निघू शकतो. कोटिंग करताना टोकाची भोकं बुजली किंवा प्रिंटसमोर साच्यात वाट ठेवली नाही, तर गॅस रसातून बुडबुडे काढत वर जातो. मशीन शॉपमधून मग फोन येतो: बोअरच्या वरच्या अंगाला भोकं निघाली.

पेटी भरणं

४५० × ३५० मि.मी.च्या, प्रत्येकी १५० उंचीच्या दोन पेट्या घ्या. खालची ड्रॅग, वरची कोप.

सपाट फळीवर पॅटर्नचा खालचा अर्ध चपट्या बाजूवर ठेवा, भोवती ड्रॅग उलटी ठेवा. पॅटर्नवर पार्टिंग पावडर भुरभुरा. यासाठी सिलिकाचं पीठ वापरायची जुनी सवय काही ठिकाणी आहे, ती बंद करा. फुफ्फुसात गेलेली सिलिका परत निघत नाही, सिलिकोसिसवर इलाज नाही. शंखजिऱ्याची पावडर किंवा तयार पार्टिंग लिक्विड वापरा.

पहिला २०-२५ मि.मी.चा थर बारीक चाळणीतून चाळलेल्या वाळूचा. तो बोटांनी कोपऱ्याकोपऱ्यात, रिब्जच्या फटीत दाबून बसवा. मग मागची वाळू थराथराने भरत ठोका. आधी पेटीच्या कडेने टोकदार ठोकणीने, मग मध्ये, शेवटी सपाट ठोकणीने. ठोकणी पॅटर्नवर आपटू देऊ नका. तिथं वाळू टणक होते आणि त्याच जागी जॉबवर खपली येते. उलट सैल ठोकली तर रसाच्या दाबाने भिंत मागे सरते आणि जॉब फुगतो. हार्डनेस टेस्टर असेल तर ८० ते ९० च्या दरम्यान सगळीकडे सारखं वाचन हवं. आकड्यापेक्षा सारखेपणाला महत्त्व द्या.

वरची जादा वाळू पट्टीने कापा, पेटी उलटवा. दुसरा अर्ध डोवेलवर बसवा, पार्टिंग पावडर मारा, कोप पेटी पिनांवर ठेवा. स्प्रूची (रस खाली उतरायच्या उभ्या वाटेची) खुंटी आणि रनरचा (आडव्या वाटेचा) तुकडा आपापल्या जागी ठेवून कोप तशीच ठोका. पायाच्या वरच्या कडेवर १० मि.मी.च्या दोन फ्लो-ऑफ काड्या उभ्या करा. साच्यातली सर्वांत उंच जागा तीच, म्हणून हवा शेवटी तिथंच जमणार. ठोकून झाल्यावर ३ मि.मी.च्या तारेने दहा-बारा व्हेंट (वाफेची भोकं) मारा, पॅटर्नपासून १०-१५ मि.मी. आधी थांबा.

कोप उचला, उलटी ठेवा. पॅटर्नला सळई लावून हलकेच चहूबाजूंनी ठोठावा आणि सरळ वर ओढा. ओढण्याआधी पॅटर्नच्या कडेने ओला कुंचला फिरवायची पद्धत आहे. फिरवा, पण पिळून. कुंचल्यातून ठिबकलेल्या चमचाभर पाण्याची वाफ सुमारे सोळाशे पट जागा मागते आणि ती जागा तुमच्या जॉबमध्ये तयार होते. कुठं कड तुटली असेल तर तेवढीच दुरुस्त करा. दहा मिनिटं थापीने साचा चोपडत बसू नका. चोपडलेल्या वाळूचा वरचा थर बंद होतो.

आता कोअर ठेवा, दोन्ही प्रिंटपासून पेटीच्या कडेपर्यंत पार्टिंगवर बोटभर चर काढा आणि कोअरच्या भोकाला जोडा. प्रिंटभोवती चिकणमातीची पातळ दोरी लावा, म्हणजे रस त्या चरात शिरणार नाही. साच्यात पडलेली वाळू हवेच्या झोताने उडवा, कोप पिनांवर सरळ खाली आणा.

रसाची वाट: स्प्रू, रनर, इनगेट

हा भाग बहुतेक ठिकाणी अंदाजाने चालतो. गणित अवघड नाही, म्हणून पूर्ण करून दाखवतो.

जॉब १४ किलो, स्प्रू-रनरसकट ओतायचा रस २० किलो. १३ मि.मी.च्या भिंतीच्या, एवढ्या वजनाच्या बिडाला भरायला साधारण १० सेकंद घ्यावेत. याहून सावकाश ओतलं तर पातळ भागात रस भेटण्याआधीच थंड होतो, याहून जलद ओतलं तर वाळू खरवडली जाते. कोपची उंची १५ सें.मी., पण जॉबचा अर्धा भाग पार्टिंगच्या वर असल्याने भरता भरता दाब कमी होत जातो. ९ सें.मी.चा वर्ग भागिले १८ च्या दुप्पट, म्हणजे सव्वादोन सें.मी. वजा केले की प्रभावी उंची उरते पावणेतेरा. तेवढ्या उंचीवरून येणाऱ्या रसाचा वेग सेकंदाला सुमारे १५८ सें.मी., वळणांतला तोटा धरून निम्मा, ७९. आता २०,००० ग्रॅमला ७ (रसाची घनता), १० (सेकंद) आणि ७९ यांनी भागा. उत्तर ३.६ चौ. सें.मी. वाटेतली सर्वांत अरुंद जागा एवढी हवी.

करड्या बिडासाठी स्प्रू : रनर : इनगेट यांचं ४ : ८ : ३ हे प्रमाण चांगलं चालतं. अरुंद जागा इनगेटला, म्हणजे रस साच्यात शिरायच्या तोंडाला, येते. त्यावरून इनगेट ३.६, स्प्रूचा तळ ४.८, रनर ९.६ चौ. सें.मी. प्रत्यक्षात: स्प्रू तळाशी २५ मि.मी. व्यासाचा आणि वर ३२-३५ चा, रनर २८ मि.मी. रुंद व ३४ उंच, आणि दोन इनगेट प्रत्येकी ३० × ६ मि.मी.

रनर कोपमध्ये आणि इनगेट ड्रॅगमध्ये ठेवा. मोठ्या रनरमध्ये रस जरा मंदावतो, स्लॅग वर तरंगतो आणि छताला चिकटून राहतो. खालच्या इनगेटमधून स्वच्छ रस आत जातो. रनर शेवटच्या इनगेटच्या पुढं ३०-४० मि.मी. वाढवा. पहिला, थंड आणि वाळू घेऊन आलेला रस त्या टोकात जाऊन अडकतो. स्प्रू वर रुंद, खाली निमुळता ठेवायचं कारणही हवाच. सरळ भोकातून पडणारी धार आकसते, भिंतीपासून सुटते आणि हवा ओढून घेते.

रायझर, म्हणजे आकसताना रस पुरवणारा साठा? या जॉबला वेगळा नको. करडं बीड गोठताना त्यातला ग्रॅफाइट बाहेर पडून फुगतो आणि आकसण्याची बरीच भरपाई आतल्या आतच होते. अट एवढीच की साचा टणक असला पाहिजे. सैल साचा ग्रॅफाइटच्या दाबाने पसरतो आणि ती भरपाई वाया जाते. पोलाद किंवा अॅल्युमिनियम ओतत असाल तर ही सवलत विसरा. तिथं जाड भागावर चांगला दांडगा रायझर लागतोच.

कोपवर वजन ठेवायचं तेही मोजून. पार्टिंगवर जॉब आणि रनरचं क्षेत्र सुमारे ३०० चौ. सें.मी., उंची १५ सें.मी., घनता ७. म्हणजे कोपला वर ढकलणारा जोर साडेएकतीस किलो. त्यात कोअर तरंगतो. रसात बुडलेला त्याचा भाग ११०८ घ. सें.मी., म्हणजे पावणेआठ किलोचा उचल. कोअरचं स्वतःचं वजन अडीच किलो वजा केलं तरी सव्वापाच किलो शिल्लक. बेरीज ३७, दीडपट सुरक्षितता धरून ५५ किलो. पेटीतली वाळू स्वतः तीस-पस्तीस किलो भरते, पण तिच्या भरवशावर राहू नका. क्लॅम्प मारा किंवा ५० किलोचं वजन ठेवा. पेटी उठली की पार्टिंगमधून रस बाहेर येतो आणि तो सरळ ओतणाऱ्याच्या पायाकडे येतो.

भट्टी

क्युपोलाचा जमाना पूर्ण संपलेला नाही. कोक, लोखंड आणि चुनखडीचे थर वरून टाकायचे, खालून वारा द्यायचा आणि रस काढत राहायचा. पण रसायन हातात ठेवायचं तर इंडक्शन भट्टी बरी. चार्जमध्ये फाउंड्रीचा स्वतःचा परतावा (तुटलेले रनर, रिजेक्ट नग), पोलादी भंगार आणि थोडं पिग आयर्न. कमी पडलेला कार्बन कार्ब्युरायझरने आणि सिलिकॉन फेरोसिलिकॉनने भरून काढतात.

एफजी २०० साठी लक्ष्य: कार्बन ३.३ टक्के, सिलिकॉन २.१, मँगनीज ०.६ ते ०.८, गंधक ०.१२ च्या खाली. कार्बनमध्ये सिलिकॉनचा तिसरा हिस्सा मिळवला की ४.० येतं. हे कार्बन इक्विव्हॅलंट ४.३ कडे गेलं तर बीड मऊ होतं, ३.८ च्या खाली आलं तर पातळ कडा कडक व्हायला लागतात. स्पेक्ट्रोमीटर नसला तरी चिल टेस्ट करता येते. पाचरीच्या आकाराचा छोटा नमुना वाळूत ओता, गोठल्यावर पाण्यात गार करून मोडा. टोकाला पांढरा, चमकणारा पट्टा दिसतो आणि मग करडा भाग सुरू होतो. पांढरा पट्टा लांब आला तर सिलिकॉन कमी आहे किंवा इनॉक्युलेशन (रसात शेवटी ग्रॅफाइट धरायला मदत करणारी पूड घालणं) हवं.

भंगार टाकताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा: ओलं काही नको आणि दोन्ही बाजूंनी बंद पाइप किंवा सिलिंडर नको. रसात बुडालेल्या पाण्याची वाफ होते आणि भट्टी वर उडते. यात अतिशयोक्ती नाही. भट्टीवरच्या अपघातांमागे अनेकदा ओलं भंगार निघतं. पावसात बाहेर पडलेलं भंगार आधी भट्टीच्या काठावर वाळवून घ्या.

रस १४८० ते १५०० अंशांवर नेऊन चार-पाच मिनिटं ठेवा, मग लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) काढा. लॅडल आधी लालसर तापवलेलं असावं. रस पडत असताना धारेत ०.२ ते ०.३ टक्के इनॉक्युलंट सोडा, १०० किलोच्या लॅडलला २०० ते ३०० ग्रॅम. तळाशी आधीच टाकून ठेवलं तर ते चिकटून बसतं. याचा परिणाम दहा-बारा मिनिटांत उतरतो, त्यामुळे इनॉक्युलेट केलेलं लॅडल घेऊन चहाच्या गप्पा नकोत. स्लॅग कोऍग्युलंट भुरभुरा, साय धरली की दांड्याने ओढून काढा.

ओतणं

पायात लेदर गेटर्स आणि सेफ्टी बूट, डोळ्यावर गॉगल, अंगावर सुती कपडे. सिंथेटिक शर्ट नको, तो कातडीला चिकटून वितळतो. ओतायच्या जागी खाली कोरडी वाळू असावी, उघडं काँक्रीट नसावं. काँक्रीटमध्ये पाणी असतंच. त्यावर रस सांडला की तुकडे उडतात.

आपल्या जॉबला १३८० ते १४०० अंश ठीक. पायरोमीटर बुडवून बघा, डोळ्यांचा अंदाज दिवसा एक आणि रात्री दुसरा येतो. लॅडलची चोच स्प्रूच्या तोंडावरच्या कपाच्या जवळ आणा, धार बारीक सुरू करून लगेच कप भरा आणि भरलेलाच ठेवा. मध्ये हात थांबला तर कप रिकामा होतो, स्लॅग आणि हवा आत जातात आणि दोन थरांच्या मध्ये कोल्ड शट (न जुळलेला सांधा) येतो.

ओतायला लागताच दुसऱ्या माणसाने कोअरच्या दोन्ही चरांपाशी आणि व्हेंटपाशी जळता काकडा धरावा. काही क्षणांत तिथं निळसर ज्योती पेटतात. वाट मोकळी असल्याची ती खूण आहे, शिवाय शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचत नाही. एका बाजूची ज्योत आलीच नाही तर तो नग खडूने खूण करून वेगळा ठेवा, बोअर तपासताना आधी तोच बघायचा. दोन्ही फ्लो-ऑफमधून रस वर आला की थांबा. लॅडलमधला रस १३४० च्या खाली गेला असेल तर तो पुढच्या साच्यात घालू नका, पिग मोल्डमध्ये ओता. वीस किलो रसासाठी एक जॉब घालवण्यात अर्थ नाही.

नॉकआउट आणि फेटलिंग

तास-दीड तास पेटी हलवू नका. जॉब लाल असताना बाहेर काढला तर पातळ कडा हवेने झटकन गार होतात, कडक होतात आणि आत ताण राहतो. मशिनिंगला टूल तुटतं ते इथं.

नॉकआउटला धूळ उडते. ती मघाचीच सिलिका आहे, भाजून अधिक बारीक झालेली. डस्ट एक्स्ट्रॅक्टर असावा, नसेल तर निदान चांगला मास्क हवाच. तोंडाला रुमाल बांधून सिलिका अडत नाही.

मग फेटलिंग, म्हणजे साफसफाई. रनर-इनगेट हातोडीच्या एका फटक्यात तुटावेत. इनगेट ६ मि.मी. जाड ठेवण्याचा हाही एक फायदा. जॉबकडे नव्हे, जॉबपासून दूर मारा, नाहीतर तुटताना जॉबचा लचका निघतो. कोअर फोडून काढा, शॉट ब्लास्टिंग करा, पार्टिंगवरचा पापुद्रा ग्राइंडरने उतरवा. मग नग साखळीला टांगून हातोडीने हलका ठोका. चांगला नग घणघणतो. बद्द आवाज आला तर तडा शोधा.

रिजेक्शनचा ढीग वाचणं

गोल, गुळगुळीत, आतून चकचकीत भोकं ही गॅसची. ती जॉबच्या वरच्या अंगाला असतील तर वाळूचा ओलावा आणि व्हेंट बघा, बोअरच्या वरच्या अंगाला असतील तर कोअर. खडबडीत, आतून दाणेदार पोकळी आणि तीही जाड सांध्यात, ती आकसण्याची. साचा सैल आहे का ते आधी तपासा, मग रसायन. वेडीवाकडी भोकं आणि त्यात वाळूचे दाणे म्हणजे कुठंतरी कड तुटलेली आहे, इनगेटसमोरची भिंत बघा. पार्टिंगवर दोन अर्ध जुळत नसतील तर पेटीच्या पिना आणि बुश झिजलेत. पिनेचा खर्च दहा नगांच्या किमतीहून कमी असतो, तरी पिना वर्षानुवर्षं बदलत नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं. कडा गोलसर राहिल्या, भाग अर्धवट भरला तर रस थंड होता किंवा हवेला जागा मिळाली नाही. मशिनिंगला कडा कडक लागल्या तर इनॉक्युलेशन किंवा लवकर नॉकआउट.

एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्लो होल आले म्हणून पाणी कमी केलं, व्हेंट वाढवले, तापमानही चढवलं, तर पुढच्या हीटला (भट्टीच्या पुढच्या घाण्याला) दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि महिन्याने तोच दोष परत येतो. साध्या वहीत हीटगणिक ओलावा, ओतण्याचं तापमान, ओतायला लागलेले सेकंद आणि रिजेक्शनचं कारण लिहा.

नव्या पॅटर्नवर पहिल्या दिवशी चार-पाच नगच ओता. त्यातला एक करवतीने अक्षातून उभा कापा आणि पाया व नळकांडं मिळतं तो सांधा बघा. दुसऱ्याचा बोअर पूर्ण ९० मि.मी.पर्यंत मारून घ्या, कारण कोअरच्या गॅसची भोकं पहिल्या दोन मिलिमीटरमध्ये दिसतीलच असं नाही. बाकीच्यांची मापं घ्या, विशेषतः पायाची लांबी आणि दोन्ही टोकांकडची भिंतीची जाडी. एका टोकाला १३ आणि दुसऱ्याला ११ आली तर कोअर प्रिंट सैल आहे. तो नीट करून आणखी दोन नग ओता, ते पास झाले की बाकीच्या पेट्या भरायला सांगा.